अण्णांनी दारू कशी सोडली

संशोधनामुळे सामान्य माणसाच्या आयुष्यात क्रांती घडते, हे विधान मी व्यासपीठांवरून अनेकदा ऐकलं आहे, आणि बाकीच्यांनी ते हसण्यावारी नेलं तरी मी नेणार नाही. आमच्या अण्णांच्या आयुष्यात ती घडली. अण्णांनी जन्मात दारूला हात लावला नव्हता. संशोधनामुळे त्यांना ती सोडावी लागली.

ज्या क्षणी क्रांतीला सुरुवात झाली, त्या क्षणी मी प्रोजेक्टरचं बटण दाबत होतो. बोरवंडच्या आमच्या कॉलेजात मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो, आणि कॉलेजात ‘उच्च शिक्षणातील विद्यार्थ्यांचे अनुभवविश्व : समस्या व आव्हाने’ या विषयावर राष्ट्रीय चर्चासत्र चाललं होतं. बिदरहून एक गृहस्थ आले होते म्हणून ते राष्ट्रीय. ते आले नसते तर राज्यस्तरीय झालं असतं. विद्यार्थ्यांचा गोंगाट नको म्हणून विद्यार्थ्यांना एक दिवस सुट्टी दिली होती. अपवाद आम्हा तिघांचा. दोन मुली पाहुण्यांना ओवाळायला आणि मी प्रोजेक्टरला.

टँकर उशिरा आला म्हणून चहा उशिरा झाला, चहा उशिरा झाला म्हणून उद्घाटन रखडलं, आणि जेवणाच्या तोंडावर कुठे समाजशास्त्र विभागप्रमुख डॉ. प्रल्हाद कोंडेकर सर पेपर वाचायला उभे राहिले. पहिल्या रांगेत संस्थेचे सचिव आबासाहेब बसले होते. त्यांचे डोळे मिटलेले होते. शेजारी त्यांच्या सूनबाई, म्हणजे संस्थेच्या इंग्रजी शाळेच्या मुख्याध्यापिका, मॅडम. मॅडमचे डोळे उघडे होते, हे आमचं दुर्दैव.

“विद्यार्थी ‘क’,” कोंडेकर सर म्हणाले. “संशोधनाच्या नीतिमत्तेनुसार आम्ही त्याचं नाव गुप्त ठेवलेलं आहे. हा ‘क’ आपल्याच महाविद्यालयात, द्वितीय वर्षाला शिकतो. त्याचे वडील आपल्याच संस्थेच्या शाळेची पिवळी बस चालवतात.”

शाळेला पिवळी बस एकच होती. ती अण्णा चालवत.

मागच्या रांगेत कुणीतरी शेजाऱ्याला मदत म्हणून “सोनटक्के” असं आमचं आडनाव हळूच सांगितलं. ते मला प्रोजेक्टरपाशी ऐकू आलं, म्हणजे मॅडमनाही आलं असणार.

“हा पिता मद्यपी आहे,” सर पुढे वाचू लागले. “रोज सायंकाळी तो मुलांना घरोघर पोचवतो आणि थेट गुत्त्यावर जातो. रात्री घरी आल्यावर पाल्याची पुस्तकं भिरकावतो. ‘क’ने माझ्याजवळ रडत रडत हे कथन केलं. त्याच्यासोबत मी सलग सहा महिने समुपदेशनाची सत्रं घेतली. ए प्रोजेक्टर, पुढे.”

मी पुढे घेतलं. तोवर सर माझ्याशी जे काही बोलले होते, ते एवढंच: ‘ए प्रोजेक्टर’. उन्हाळ्यात ‘ए पंखा’.

पडद्यावर निळंशार पाणी आलं. पाण्यात एक लांबट होडी, मागे माडांची रांग. सरांनी पडद्याकडे पाहिलं आणि ते जरा थांबले. मग घसा साफ करून म्हणाले, “जीवन... जीवननौका! ही भरकटलेली जीवननौका आहे. तिला किनारा कोण दाखवणार? शिक्षक!”

टाळ्या पडल्या. बिदरच्या गृहस्थांनी वहीत काहीतरी टिपून घेतलं. आबासाहेब टाळ्यांनी जागे झाले आणि तेही वाजवू लागले. मॅडमनी मात्र मान वळवून माझ्याकडे पाहिलं. अगदी मायेनं. अपघातात सापडलेल्या कुत्र्याकडे बघतात तसं.

त्या संध्याकाळी अण्णा चालत घरी आले.

“बस कुठंय?” आईनं विचारलं.

“मॅडमनं किल्ली काढून घेतली.”

“का बरं?”

“मी पितो म्हणून.”

“काय?”

“दारू.”

आईनं त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. “मग जेवणार हाव, का पिऊनच आलाव?”

अण्णा सुपारीसुद्धा खात नसत. जिभेला चटका नको म्हणून चहासुद्धा बशीत ओतून, फुंकून पीत. लग्नाच्या वरातीत लोक नाचायला लागले की ते चपला शोधायला लागत. पण रात्र व्हायच्या आत गावाला पुरावे सापडले. किराणावाल्या शेठजींना आठवलं, की वैजनाथचे, म्हणजे अण्णांचे, डोळे कायम लाल असतात. ते असत, कारण बसच्या पुढच्या काचेला कोपऱ्यात भोक होतं आणि रस्ता मुरमाचा होता. एका पालकाच्या लक्षात आलं, की देशी दारूच्या दुकानापाशी बस नेमकी हळू होते. तिथे गतिरोधक होता. माझ्या एका चुलत्यानं तर उदगीरहून फोन केला. “मला कव्हाचाच संशय होता,” तो म्हणाला. “लई शांत माणूस. आत काहीतरी असल्याबगर माणूस एवढा शांत ऱ्हात नाही.”

अण्णांनी मला अंगणात बोलावलं.

“भास्कर, खरं सांग. तू त्या सराला काही बोललास का रं?”

“नाही अण्णा. मला कुणी विचारलंच नाही.”

“सहा महिने इचारत व्हता म्हणं.”

“ए प्रोजेक्टर म्हणत होते.”

अण्णांनी मान डोलावली. माझ्यावर त्यांचा विश्वास बसला. संशोधनावरचा मात्र अजून उडाला नव्हता. “काहीतरी गफलत झाली असंल,” ते म्हणाले. “शिकलेली माणसं हायत. सांगितलं की दुरुस्त करतील.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मॅडमकडे गेलो. त्यांच्या टेबलावर काचेखाली थोरामोठ्यांचे सुविचार होते आणि काचेवर अण्णांची किल्ली होती.

“काका, माझा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे,” मॅडम म्हणाल्या. “पण पालकांचे फोन थांबत नाहीयेत.”

“मॅडम, मी पीतच नाही.”

“पिणारा प्रत्येक माणूस हेच म्हणतो, काका.”

“अन् न पिणारा काय म्हणतो?”

मॅडमनी विचार केला. त्या पुण्याला शिकलेल्या होत्या आणि प्रामाणिक होत्या. “तोही हेच म्हणतो,” त्या म्हणाल्या. “तोच तर प्रॉब्लेम आहे.”

“डॉक्टरचं सर्टिफिकेट आणतो.”

“ते त्या दिवसापुरतं झालं. मला रोज मुलं पाठवायचीत तुमच्याबरोबर. आणि हे काही गावगप्पांमधून आलेलं नाही, संशोधनातून आलंय. आपल्याच संस्थेच्या कॉलेजचं संशोधन मी खोटं कसं म्हणू? मामंजींना काय सांगू?” त्यांनी किल्ली उचलली, तळहातावर तोलली, पुन्हा खाली ठेवली. “कॉलेजनं मला लेखी द्यावं, की हे गृहस्थ आता पीत नाहीत. किल्ली त्याच दिवशी. नाहीतर पहिल्या तारखेपासून मला दुसरा माणूस नेमावा लागेल. माझाही नाइलाज आहे, काका.”

तोवर बस आबासाहेबांच्या शेतावरचा ट्रॅक्टरवाला चालवत होता. त्यानं पहिल्याच दिवशी शाळेच्या फाटकाचा खांब पाडला. पण तो पितो असं कुठल्या पेपरात छापून आलेलं नव्हतं.

आम्ही कॉलेजात गेलो. कोंडेकर सर केबिनमध्ये चर्चासत्रात उरलेल्या शाली मोजून कपाटात ठेवत होते. अण्णा दारातच चपला काढून उभे राहिले.

“सर, मी वैजनाथ सोनटक्के.”

“बोला.”

“शाळंची बस चालवतो.”

सर वळले. त्यांनी अण्णांना नीट न्याहाळलं. ज्या माणसावर आपण पेपर लिहिला तो चालता-बोलता समोर यावा, याची त्यांना सवय नसावी. मग त्यांना मी दिसलो. “हा कोण?”

“हा माझा मुलगा. तुमचा ‘क’.”

“हा? हा तर प्रोजेक्टर!” सर म्हणाले. मग त्यांनी स्वतःला सावरलं आणि आवाज मऊ केला. “बसा, वैजनाथराव. हे बघा, मी तुमचं नाव कुठेही येऊ दिलेलं नाही.”

“नाव न्हाई आलं. बस आली.”

“स्थानिक संदर्भ द्यावे लागतात. नाहीतर पेपर नाकारतात.”

“पण मी पीत न्हाई, सर.”

सर समजुतीनं हसले. “नकार. ही व्यसनाची पहिली अवस्था असते.”

“अन् दुसरी?”

“राग.”

अण्णांचा चेहरा लाल झाला. ते काहीतरी बोलणार होते. पण आपण आता दुसऱ्या अवस्थेत चाललोय हे ध्यानात येऊन ते गप्प बसले. मी आयुष्यात पुष्कळ वादविवाद पाहिले; इतक्या कमी शब्दांत कुणाला चीत झालेलं पाहिलं नाही.

“सर,” मी म्हणालो, “अण्णांची नोकरी जातेय. तेवढं चुकून छापलं असं लिहून द्या ना.”

सर उठले आणि त्यांनी दार लोटून घेतलं. परत आले तेव्हा त्यांच्या तोंडावरचं समुपदेशन उतरलं होतं.

“कसं देऊ? पेपर चर्चासत्राच्या पुस्तकात छापून आलाय. प्रोफेसरपदाची मुलाखत आहे माझी ह्या महिन्यात. तिथे हाच पेपर पुढे करायचाय. बारा वर्षं खोळंबलोय मी ह्या पदासाठी, वैजनाथराव! माझ्यामागून आलेले भूगोलवाले प्रोफेसर झाले. भूगोलवाले! घरी बायको विचारते, भूगोलात असं काय असतं जे तुमच्यात नाही.”

अण्णांना वाईट वाटलं, हे मला त्यांच्या बसण्यावरून कळलं. त्यांना कुणाचंही वाईट वाटे. आमच्या घरातलं खरं व्यसन तेच होतं.

“ते बरोबर हाय, सर,” ते म्हणाले. “पण माझी बस?”

“मॅडम नेमकं काय म्हणाल्या?”

“कालिजनं लेखी द्यावं. आता पीत न्हाई म्हणून.”

“आता,” सर म्हणाले. त्यांनी तो शब्द पेढ्यासारखा जिभेवर घोळवला. “आता पीत नाहीत. अहो, मग हे मी देऊ शकतो की! आनंदानं देतो. शिक्क्यानिशी देतो! पाठपुरावा अभ्यास. ‘समुपदेशनोत्तर परिवर्तन’. मुलाखतीला एकाचे दोन पेपर होतील.” ते उभेच राहिले. “वैजनाथराव, तुम्ही दारू सोडा.”

“कोणती?”

“पेपरात पिता ती.”

“अवो सर, मी पिलोच न्हाई तर सोडू काय?”

“तुम्ही कशाला तो त्रास घेता? प्यायचं काम पेपरानं केलंय. तुम्ही फक्त सोडा.”

सरांचं म्हणणं असं होतं, की कॉलेजात छोटासा समारंभ घ्यायचा. अण्णांनी मनोगत व्यक्त करायचं, आबासाहेबांच्या हस्ते सत्कार, आणि तिथेच मॅडमच्या हाती लेखी पत्र. अण्णांनी विचार करून सांगतो म्हटलं. निघताना सरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. “शाबास,” ते म्हणाले. “मोकळेपणानं बोललास ते बरं केलंस.” मी कधी बोललो होतो, ते मला अजून माहीत नाही.

परतताना पोस्टापाशी आल्यावर अण्णा म्हणाले, “तुझं शिक्षण अजून किती बाकी हाय?”

“दीड वर्ष.”

“अन् बस गेली तर?”

आमच्या शेजारून पिवळी बस गेली, आणि ट्रॅक्टरवाल्यानं अण्णांना ओळखीचा हॉर्न दिला.

घरी आईनं सगळं ऐकून घेतलं आणि भाकरी थापता थापता निकाल दिला. “घ्या सोडून. मोठमोठे लोक न केलेल्या कामाचे सत्कार घेत्यात. तुमी एक न केलेलं पाप सोडलं तर कुणाचं काय जातंय?”

“लोक म्हणतील, पीत व्हता.”

“आत्ता काय म्हणत्यात?”

अण्णांनी सरांना होकार कळवला.

खरी अडचण वेगळीच निघाली. सरांनी सांगितलं होतं, मनोगत प्रत्यक्ष अनुभवावर आधारित हवं, ऐकणाऱ्याच्या काळजाला भिडलं पाहिजे. अण्णांना अनुभव नव्हता. मग आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या खंडूमामाला बोलावणं धाडलं. खंडूमामा आईचा गावाकडचा मानलेला भाऊ. तो बोरवंडात गवंडीकाम करी आणि उरलेल्या वेळात पीत असे. अलीकडे उरलेला वेळ वाढला होता.

“दाजी, बोला,” तो ओट्यावर मांडी ठोकून बसला. “आज गरिबाची आठवण कशी काय झाली?”

“खंडू, मला दारूचं सांग.”

“काय सांगू?”

“समदं. सुरुवातीपासून.”

खंडूमामाचा चेहरा उजळला. त्याला जन्मात कुणी काही शिकवायला सांगितलं नव्हतं.

“बघा दाजी, पैला घोट घशातनं उतरतो ना, तव्हा विंचू उतरल्यावानी वाटतं.”

“मंग दुसरा कशाला पितोस?”

“आत एकला इंचू गेलाय, त्याला सोबत नको व्हय?”

अण्णांनी मला खूण केली. मी मनोगताच्या कागदावर विंचू लिहून घेतला.

“अन् चालताना?”

“चालताना आपण सरळच असतोय, दाजी. रस्ता हलतो. पिणारा माणूस कधी झोकांड्या खात न्हाई, ह्ये ध्येनात ठेवा. लोकांना तसं दिसतंय, कारण लोक बी हलत असत्यात.”

“घरी आल्यावर बायकोला मारावं वाटतं का?” अण्णांनी फार संकोचानं विचारलं.

“छ्या! मला तर लई माया येती. रडू येतं. तीच मारती मला.”

“पेपरात पुस्तकं फेकून दिली असं हाय.”

खंडूमामा गंभीर झाला. “पुस्तकं? कशापाई? पेताना कुणाला पुस्तकाची आठवण येती? दाजी, ह्ये लिवणारा कव्हा पिलेला न्हाई. पैज लावतो.”

शेवटी वास तरी ठाऊक असावा म्हणून खंडूमामानं कमरेची बाटली काढून बूच उघडलं आणि अण्णांच्या नाकाशी धरलं. अण्णा ओट्याच्या कडेला धावले. दुपारचं जेवण तिथेच गेलं. आई पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि खंडूमामावर ओरडली. मामा मात्र भारावून अण्णांकडे बघत राहिला.

“अक्का,” तो म्हणाला, “देवमाणूस हाय ह्यो. अन् ह्येला पिदाड म्हणत्यात?”

समारंभाला चर्चासत्राचाच मंडप होता. फलकावर ‘अनुभवविश्व’च्या वर ‘परिवर्तन सोहळा’ अशी पट्टी चिकटवली होती. एका बाजूनं ती सुटली होती आणि तिथून मागची ‘आव्हाने’ दिसत होती. विद्यार्थ्यांना पुन्हा सुट्टी होती. पालकांना मात्र मॅडमनी आवर्जून बोलावलं होतं. मी प्रोजेक्टरपाशी होतो. सरांनी प्रास्ताविकात आपण ‘क’च्या वडिलांना मृत्यूच्या दाढेतून कसं ओढून काढलं ते सांगितलं. नाव गुप्तच ठेवलं. मग म्हणाले, “आता ते स्वतः, श्री. वैजनाथ सोनटक्के, आपलं मनोगत व्यक्त करतील.”

अण्णा माइकपाशी आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पहिल्या रांगेत मॅडमच्या मांडीवरच्या किल्लीकडे पाहिलं, आणि मी लिहून दिलेला कागद खिशातच ठेवला.

“पैला घोट घशातनं उतरला,” ते म्हणाले, “तव्हा विंचू उतरल्यावानी वाटलं.”

पालक खुर्च्यांत पुढे सरकले.

पुढे जे झालं त्याचा मला आजही उलगडा होत नाही. अण्णा बोलत गेले. आमच्या घरात चार वाक्यं सलग न बोलणारा हा माणूस, रस्ता कसा हलतो ते सांगत होता. माया कशी येते ते सांगत होता. मुलाची पुस्तकं फेकली असं म्हणताना त्यांचा आवाज चिरकला, कारण माझी पुस्तकं दर जूनमध्ये तेच खाकी कागदाची कव्हरं घालून देत असत. पालक डोळे पुसू लागले. शेठजी हुंदका देऊन म्हणाले, “मला माहीत होतं.” कोंडेकर सर रुमाल लावून बसले होते आणि रुमालाआडून आबासाहेबांकडे पाहत होते. आबासाहेब जागे होते. हे त्यांच्या कारकिर्दीत विरळच.

“पण आता,” अण्णा म्हणाले, “माझी नौका किनाऱ्याला लागली.” हे वाक्य सरांनी घालायला लावलं होतं. मी बटण दाबलं. माडांची रांग आली, होडी आली. टाळ्यांचा कडकडाट झाला.

तेवढ्यात मागून आवाज आला. “खोटं हाय!”

खंडूमामा खुर्चीला धरून उभा होता. रस्ता त्याच्याभोवती बराच हलत असावा.

“ह्यो माणूस कव्हा पिलेला न्हाई! ह्येला देशी कळत न्हाई अन् राकेल कळत न्हाई! नुस्त्या वासानं वकला माझ्यासमोर! इचारा अक्काला! ह्यो समदा माझा अनुभव हाय, माझा! इंचू माझा हाय!”

“बाहेर काढा त्याला,” मॅडम म्हणाल्या. “मुलांचे पालक बसलेत इथे.”

“दारुडा आहे,” शेठजींनी शेजाऱ्याला सांगितलं. “शुद्धीत नाही.”

दोन शिपायांनी खंडूमामाला उचललं. साऱ्या मंडपात खरं बोलणारा तो एकटा, आणि तेवढ्या कारणावरून तो बाहेर गेला. जाता जाता त्यानं माझ्याकडे हात केला. “भास्क्या, तू सांग की रं!” मी तोंड उघडलं. अण्णांनी माइकमागून, अगदी थोडी, नकारार्थी मान हलवली. मॅडम ताट घेऊन उभ्या राहिल्या होत्या. ताटात कुंकू होतं, अक्षता होत्या आणि किल्ली होती. मी तोंड मिटलं.

“हेच ते,” सर माइक ओढून घेत म्हणाले. “मित्रहो, हस्तक्षेप न झाल्यास माणसाचं काय होतं, ते आपण आत्ताच पाहिलंत.”

त्यावर आणखी टाळ्या.

अण्णांना शाल मिळाली, नारळ मिळाला, किल्ली मिळाली. दुसऱ्या दिवशी सकाळी बस वेळेवर निघाली. ज्या पालकांनी फोन केले होते तेच फाटकापाशी उभं राहून अण्णांना हात जोडत होते. आजवर त्यांना कुणी नमस्कार केला नव्हता. न पिणाऱ्याला कोण करतो? पुढे व्यसनमुक्ती सप्ताहात आसपासच्या शाळांतून त्यांना बोलावणी आली. दोन-चार ठिकाणी ते गेले, मग एका गावात बोलताना त्यांना इतकं रडू आलं की आईनं त्यांचं जाणं बंद केलं. सत्काराची शाल त्यांनी खंडूमामाला दिली. “इंचू त्याचा व्हता,” म्हणाले. मामानं ती कुठे नेऊन विकली ते सांगायला नको.

कोंडेकर सर प्रोफेसर झाले. अण्णा ‘पूर्वी प्यायचे ते सोनटक्के’ झाले, आणि ते निवृत्त झाले तरी तेच आहेत. माझं लग्न ठरताना सासऱ्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, “आता पूर्ण सुटलीय ना वडिलांची?” मी म्हणालो, पूर्ण.

पुढे मीही प्राध्यापक झालो. माणसानं काहीतरी करायचं असतंच. मागच्या वर्षी मला पदोन्नतीसाठी पेपर लिहायचा होता. म्हणून मी विद्यार्थ्यांच्या अनुभवांवरचे इतरांचे इंग्रजी पेपर उघडून वाचत बसलो होतो, आणि एका जुन्या पेपरापाशी थांबलो. दक्षिणेकडच्या एका राज्यातल्या बाईंनी तो लिहिला होता, आमच्या चर्चासत्राच्या कितीतरी आधी. खाडीकाठचं गाव. विद्यार्थी ‘क’. त्याचे वडील शाळेच्या मुलांना रोज होडीतून पलीकडे पोचवतात आणि संध्याकाळी थेट गुत्त्यावर जातात. रात्री मुलाची पुस्तकं भिरकावतात. शेवटी एक फोटो होता. निळंशार पाणी, लांबट होडी, मागे माडांची रांग.

सरांनी होडी काढून तिथे बस घातली होती. बाकी सगळं जसंच्या तसं उचललं होतं, आणि मुलांची ने-आण करणारा माणूस आमच्या गावात एकच होता. फोटो मात्र बदलायचा विसरले.

मी गावी गेलो तेव्हा अण्णांना सगळं वाचून दाखवलं. ते ओट्यावर बसून बशीतला चहा फुंकत होते. शेवटपर्यंत त्यांनी ऐकून घेतलं.

“त्या माणसानं सोडली का पुढं?” त्यांनी विचारलं.

“नाही. तसं काही आलेलं नाही.”

“कुणी सत्कार केला नसंल,” अण्णा म्हणाले.

आतून आईनं विचारलं, की त्या मंडपात एवढी शिकलेली माणसं होती, त्यांतल्या एकालाही कसं वाटलं नाही, की बोरवंडात होडी कुठून आली?

बोरवंडला नदी आहे. तिच्या पात्रात दर बुधवारी बैलबाजार भरतो.